लॅपटॉप घेण्याआधी त्यावर सातबारा उघडून पाहा

भंडारा जिल्ह्यात लॅपटॉप घेण्याची वेळ नेहमी अडचणीच्या महिन्यात येते. जुलै-ऑगस्टमध्ये बांध्यांमध्ये रोवणी चालू असते, मजुरी रोखीने द्यावी लागते, खताचे पैसे आधीच गेलेले असतात, आणि नेमके तेव्हाच पोराचे किंवा पोरीचे इंजिनिअरिंगचे, पॉलिटेक्निकचे, बीसीएचे प्रवेश सुरू होतात. धान निघून त्याचे चुकारे खात्यात पडायला दिवाळी उलटते, कधी संक्रांतही जाते. त्यामुळे घरात लॅपटॉप येतो तो बहुधा हप्त्यांवर नाहीतर कोणाकडून तरी उसने घेऊन. अशा वेळी भंडाऱ्याच्या किंवा नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात विक्रेता दोन मशीन शेजारी शेजारी मांडतो. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच. फरक फक्त स्क्रीनचा. एकीची स्क्रीन फुल एचडी, दुसरीची टू-पॉइंट-एट-के किंवा फोर-के. दुसरी झळाळत असते, आणि तिच्यासाठी समजा पंधरा हजार रुपये जास्त सांगितले जातात.

पंधरा हजार म्हणजे किती, ते धानाच्या भाषेत मोजून पाहा. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे केवळ स्क्रीनच्या बारकाव्यासाठी सहा क्विंटलांहून जास्त धान मोजायचे. ते मोजावे की नाही, याचा विचार दुकानात पाच मिनिटांत होत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. फुल एचडीच्या खाली कोणीही जाऊ नये, मग पैसे कितीही कमी असोत. फुल एचडीच्या वर जाण्यासाठी मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी जादा पैसे देऊ नयेत. तेच पैसे आधी चांगल्या उजेडाच्या, चांगल्या रंगांच्या फुल एचडी स्क्रीनवर आणि रॅमवर घालावेत. काही थोड्यांसाठी वरची स्क्रीन खरोखर पैसे वसूल करते. ते कोण, तेही पुढे सांगतो.

स्क्रीन म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. जुन्या लॅपटॉपवर, आणि आजही अगदी स्वस्तातल्या काही लॅपटॉपवर, आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. गुणाकार केला तर साडेदहा लाखांच्या आसपास. फुल एचडीत १९२० × १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. २५६० × १६०० म्हणजे जवळपास एकेचाळीस लाख. आणि फोर-के, ३८४० × २१६०, म्हणजे त्र्याऐंशी लाख. आकडे असे दुप्पट-दुप्पट वाढत जातात, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की दिसण्यातही तेवढाच फरक पडत असेल. तसे होत नाही. कारण डोळ्याला ठिपक्यांची एकूण संख्या कळत नाही. त्याला कळते ती एका इंचात ठिपके किती दाटीने बसले आहेत ती गोष्ट.

१५.६ इंची लॅपटॉपवर १३६६ × ७६८ ची स्क्रीन असेल तर एका इंचात शंभर ठिपके बसतात. तेवढ्याच आकारात फुल एचडी असेल तर १४१. लॅपटॉप १४ इंची असेल तर फुल एचडीतच १५७. १४ इंचात २५६० × १६०० घेतले तर सुमारे २१५. आणि १५.६ इंचात फोर-के घेतले तर २८२. अ‍ॅपलने २०१२ साली मॅकबुक प्रोवर ‘रेटिना’ नावाने जी स्क्रीन आणली, तीत इंचाला २२० ठिपके होते. तेव्हापासून लॅपटॉपच्या जाहिरातीत हा बारकावा पुढे आला.

आता हे मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाहू. लॅपटॉपबद्दलचा बहुतेक सल्ला रोमन अक्षरे वाचणाऱ्यांनी लिहिलेला असतो. आपले अक्षर वेगळ्या बांध्याचे आहे. बारा पॉइंटचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा हिस्सा. शंभर ठिपक्यांच्या स्क्रीनवर त्या अक्षराच्या वाट्याला सतरा ठिपक्यांची उंची येते. त्या सतरांतच शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार बसवायचा, खाली उकार बसवायचा, आणि मधे जे उरेल त्यात मूळ अक्षर. त्यात ‘राष्ट्रीयीकृत’ किंवा ‘शुद्धिपत्रक’ असा शब्द आला की ‘ष्ट्र’ आणि ‘द्धि’ यांचा काळा गोळा होतो. अनुस्वाराला एक-दोन ठिपके मिळतात. तो आहे की नाही ते डोळा अंदाजाने ठरवतो. १४१ ठिपक्यांच्या फुल एचडीवर त्याच अक्षराला तेवीस-चोवीस ठिपके मिळतात आणि जोडाक्षर उलगडते. २१५ वर छत्तीस मिळतात. तेव्हा ते छापील पुस्तकासारखे दिसू लागते. २८२ वर सत्तेचाळीस मिळतात, पण तेवढ्याने वाचणे आणखी सोपे होत नाही.

म्हणूनच म्हणतो की १३६६ × ७६८ ची स्क्रीन मराठी माणसाने घेऊच नये. इंग्रजी वाचणाऱ्याचे तीवर भागून जाते, आपले भागत नाही. सातबाऱ्यावर गट क्रमांकातला १ आणि ९ एकमेकांसारखे दिसले, क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर आणि आर यांच्यामधला टिंब दिसला नाही, तर त्याचा त्रास कुठपर्यंत जातो हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. जी मुले शासकीय संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करतात, मराठी तीस किंवा चाळीस शब्द वेगाने टाइप करतात, त्यांना स्वतःच्या चुका स्क्रीनवर दिसायला हव्यात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक जिथे स्पष्ट दिसत नाही, तिथे रोज तासभर सराव केला तरी चूक पक्की होत जाते.

दुसरी बाजू डोळ्याची. निरोगी डोळा, ज्याला डॉक्टर ६/६ म्हणतात, तो एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखतो. स्क्रीन डोळ्यांपासून साठ सेंटिमीटरवर असेल तर हा बारकावा इंचाला सुमारे १४५ ठिपके इतका होतो. पन्नास सेंटिमीटरवर १७५, आणि चाळीसवर २१८. लॅपटॉप टेबलावर ठेवून नीट बसलो तर डोळे आणि स्क्रीन यांच्यात पंचावन्न-साठ सेंटिमीटर अंतर पडते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर असतो, त्यावर अर्धी-पाऊण वीत धरली की तेवढे होते. म्हणजे नीट बसणाऱ्या माणसासाठी १४ इंची फुल एचडी डोळ्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचलेली असते. पंधरा-वीस वर्षांच्या मुलांचे डोळे याहून तीक्ष्ण असू शकतात, आणि मुले मशीन मांडीवर घेऊन, वाकून, चाळीस सेंटिमीटरवरून पाहतात. त्यांना २१५ ठिपक्यांचा फरक खरोखर दिसतो. पण त्यांच्यासाठी बारीक स्क्रीनपेक्षा टेबल-खुर्चीची सोय करणे शहाणपणाचे आहे. मानेचे दुखणे स्क्रीनने जात नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः शाळेची माहिती भरणाऱ्या शिक्षकांनी आणि सोसायटीचे हिशेब ठेवणाऱ्या सचिवांनी, स्क्रीनवर खर्च करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. जवळचे धूसर दिसत असेल तर फोर-के सुद्धा धूसरच दिसेल. चष्म्याचा नंबर बरोबर असेल तर साध्या फुल एचडीवर काम होते. ज्यांची नजर अधू आहे, त्यांना बारीक ठिपके नव्हे, मोठे अक्षर लागते. ते १५.६ किंवा १६ इंची स्क्रीनवर मिळते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण विकणारे आणि घेणारे दोघेही त्यात फसतात. ‘रिझोल्यूशन जास्त म्हणजे स्क्रीनवर जास्त मावते’ असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ठिपके बारीक झाले की अक्षरेही त्या मानाने बारीक होतात, आणि मग ती वाचता यावीत म्हणून विंडोज त्यांना मोठे करून दाखवते. याला स्केल म्हणतात; सेटिंगमध्ये १२५ टक्के, १५० टक्के, २०० टक्के असे आकडे दिसतात. फुल एचडीवर स्केल १२५ ठेवले तर कामाला जागा उरते १५३६ × ८६४ इतकी. फोर-केवर २५० ठेवले तरी जागा उरते तीच, १५३६ × ८६४. एका ओळीनेही जास्त नाही. जादा ठिपके सगळे अक्षर गुळगुळीत करण्यात खर्ची पडले. तुम्ही २५० ऐवजी १५० ठेवलेत तर जागा खूप वाढेल, पण अक्षर मुंगीएवढे होईल. जादा ठिपके जागेसाठी वापरायचे की रेखीवपणासाठी, हे निवडावेच लागते. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत.

ज्यांना खरोखर जागा हवी आहे, त्यांच्यासाठी दोन स्वस्त उपाय आहेत. एक, १९२० × १२०० ची स्क्रीन. ती फुल एचडीच असते, फक्त थोडी उंच. पान वाचताना, फॉर्म भरताना, प्रोग्रॅम लिहिताना उंचीच कामी येते, आणि किमतीत फारसा फरक पडत नाही. असे मशीन समोर असेल तर तेच उचला. दुसरा उपाय वेगळ्या मॉनिटरचा. सेतू केंद्र चालवणारे, हिशेब लिहिणारे, दिवसभर एका जागी बसणारे लोक लॅपटॉपच्या स्क्रीनवर पंधरा हजार घालण्याऐवजी फुल एचडी लॅपटॉप घेऊन त्याला बावीस किंवा चोवीस इंची मॉनिटर जोडू शकतात, आणि तेवढ्यात पैसे उरतातही. एका बाजूला अर्जदाराची कागदपत्रे, दुसऱ्या बाजूला फॉर्म. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२ ठिपकेच असतात, म्हणून तो लॅपटॉपपेक्षा लांब ठेवायचा आणि अक्षर मोठे करायचे. दिवसभराच्या कामाला मला ही मांडणी सर्वांत सोयीची वाटते.

स्केल मोठे ठेवण्यात आणखी एक अडचण येते. मराठी टायपिंगची, हिशेबाची, पावत्यांची जी जुनी सॉफ्टवेअर आपल्याकडे अजून चालतात, त्यांतली बरीच या स्केलसाठी बनलेलीच नाहीत. बारीक स्क्रीनवर ती एकतर धुरकट दिसतात, नाहीतर त्यांची बटणे इतकी लहान होतात की माउस नेम धरून मारावा लागतो. ज्यांचे पोट अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यांनी ते त्या लॅपटॉपवर चालवून पाहिल्याशिवाय फुल एचडीच्या वर जाऊ नये.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल दुकानात कोणी आपणहून बोलत नाही. रिझोल्यूशन हा स्क्रीनच्या अनेक गुणांपैकी एक गुण आहे, आणि तो डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो म्हणून आपण तेवढाच पाहतो. उजेड किती, रंग किती, बाजूने पाहिल्यावर काय दिसते, हे सगळे बारीक अक्षरांत असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. उकाड्याने माणसे ओसरीत, झाडाखाली, दार उघडे टाकून बसतात. तिथे ऊन परावर्तित होऊन येते. स्क्रीनचा उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपवर २२० ते २५० निट्स असतात. घरात ट्यूबलाइटखाली तेवढे पुरतात, ओसरीत पुरत नाहीत. ३०० निट्स असतील तर बरे, ४०० असतील तर उत्तम. फोर-के स्क्रीन असूनही उजेड २५० निट्स असेल तर दुपारी ओसरीत तुम्हाला तीत स्वतःचा चेहरा दिसेल, सातबारा नाही. पृष्ठभाग चकचकीत असेल तर त्रास आणखी वाढतो. म्हणून ‘अँटीग्लेअर’ लिहिलेली, मंद पृष्ठभागाची स्क्रीन घ्यावी.

‘आयपीएस’ ही अक्षरे स्क्रीनच्या माहितीत असायलाच हवीत. ‘टीएन’ असेल तर थोडे बाजूने किंवा वरून पाहिले की रंग उलटेपालटे होतात. आई-वडील आणि मुले एकत्र बसून एखादा फॉर्म तपासत असतील तर एकालाच नीट दिसते. रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर रंग फिके आहेत असे समजा. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर रंग जवळपास खरे. मी तर म्हणेन, ३०० निट्सची, शंभर टक्के एसआरजीबीची फुल एचडी आयपीएस स्क्रीन ही फिक्या, अंधाऱ्या टू-पॉइंट-एट-केपेक्षा शंभर पटीने चांगली. ओएलईडी स्क्रीन फार सुंदर दिसते, काळा रंग खरा काळा दिसतो. पण पांढऱ्या पानावर दिवसभर काम करणाऱ्याला ती वीज जास्त खाते, आणि वर्षानुवर्षे तेच चिन्ह एका जागी राहिले तर त्याचा डाग उमटण्याची शक्यता असते. सिनेमा पाहणाऱ्याने घ्यावी, फॉर्म भरणाऱ्याने नाही.

बॅटरीचाही विचार करा. ठिपके जितके बारीक, तितका प्रत्येक ठिपक्यातल्या तारांनी अडवलेला भाग मोठा, मागचा दिवा तितकाच जास्त पेटवावा लागतो, आणि ग्राफिक्सलाही जास्त ठिपके रंगवावे लागतात. त्यामुळे त्याच मॉडेलमध्ये फोर-केची बॅटरी फुल एचडीपेक्षा लवकर संपते. लाखांदूर-पवनीकडच्या खेड्यात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. अशा घरी दोन तास जास्त चालणारी बॅटरी हीच खरी चैन.

आणि व्हिडिओ? लेक्चरे पाहायची आहेत म्हणून चांगली स्क्रीन हवी, असे मुले सांगतात. ऑनलाइन लेक्चर बहुतेक वेळा ७२० ओळींचे असते. फुल एचडीलाही ते पुरे पडत नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार फोर-के दर्जाचा व्हिडिओ तासाला सात जीबीपर्यंत डेटा घेतो. आपण दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर आहोत. फोर-के स्क्रीनवर ४८० ओळींचा व्हिडिओ पाहणे म्हणजे चिन्नोर तांदूळ घेऊन त्याचा झणझणीत मसालेभात करणे. पैसे वासाचे दिले आणि वास गेला. स्कॅन केलेल्या कागदांचेही तसेच. जुने फेरफार, याद्या, आदेश जर मुळातच धूसर स्कॅन केलेले असतील, तर कुठलीही स्क्रीन त्यांना स्पष्ट करू शकत नाही.

मग ही स्क्रीन कोणी घ्यावी? ज्याचे पोट चित्रावर किंवा अक्षरावर आहे त्याने. भंडाऱ्या-तुमसरचे फोटो स्टुडिओवाले, लग्नाचे अल्बम लावणारे, फ्लेक्स-बॅनरचे डिझाइन करणारे, पुस्तकाची किंवा दिवाळी अंकाची पाने लावणारे, दिवसभर प्रुफे वाचणारे. यांच्या बाबतीत बारीक स्क्रीन थेट कामाला येते. तरीही फोटोवाल्यांना सांगेन की आधी रंग पाहा. आजच्या साध्या कॅमेऱ्याचा फोटोसुद्धा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा असतो. फोर-के स्क्रीनवरही त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा पूर्ण बारकाव्याने मावतो. कोका, नागझिरा किंवा पवनीकडून उमरेड-करांडल्यात जाऊन वाघाचा फोटो काढणाऱ्याला डोळ्यावर फोकस बसला की नाही हे पाहायला तो मोठा करून पाहावाच लागतो, मग स्क्रीन कोणतीही असो. पण रंग चुकीचे दिसत असतील तर लॅबमधून छापून आलेला अल्बम वेगळाच दिसतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. त्यामुळे या मंडळींनी २५६० × १६०० आणि शंभर टक्के एसआरजीबी असे दोन्ही मिळत असेल तर जादा पैसे खुशाल द्यावेत. फोर-केपर्यंत जायची गरज मला त्यांच्यासाठीही दिसत नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांसाठी माझा क्रम असा: आधी १६ जीबी रॅम, मग ५१२ जीबीची एसएसडी, मग उजळ, मंद पृष्ठभागाची फुल एचडी आयपीएस स्क्रीन. एवढे झाल्यावर पैसे उरले तर वरची स्क्रीन. कोणी म्हणेल, रॅम नंतर वाढवता येते, स्क्रीन बदलता येत नाही, मग आधी स्क्रीनच का घेऊ नये? हा मुद्दा योग्य आहे आणि म्हणूनच फुल एचडीच्या खाली जाऊ नका असे मी पुन्हा पुन्हा सांगतो. पण आजकालच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपवर रॅमही बोर्डाला चिकटवलेली असते, तीही नंतर वाढत नाही. दुकानदाराला हा एक प्रश्न अवश्य विचारा: रॅमचा जास्तीचा स्लॉट आहे का जी? स्लॉट असेल तर आठ जीबीवर सुरुवात करून चांगली स्क्रीन घेता येईल. दोन वर्षांनी धानाच्या चुकाऱ्यात रॅम टाकता येईल.

जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. कंपन्यांतून निघालेले चांगले मजबूत लॅपटॉप नागपुरात स्वस्तात मिळतात, पण त्यांतल्या पुष्कळांची स्क्रीन १३६६ × ७६८ ची असते. माहितीत नुसते ‘एचडी’ लिहिलेले असेल, ‘फुल’ नसेल, तर ती हीच. त्या ७६८ ओळींतून ब्राउझरची पट्टी आणि खालची पट्टी वजा केली की फॉर्मला सहाशेच्या आसपास ओळी उरतात, आणि ‘सबमिट’चे बटण शोधायला पान खाली-वर सरकवत बसावे लागते. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मशीन विंडोज ११ घेते की नाही, हेही विचारा.

आता दुकानात काय करायचे ते सांगतो, कारण खरा निर्णय तिथे होतो. घरून पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यात आपला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा टाका. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो पंधरा रुपयांत मिळतो. बरोबर मराठीतला एखादा लांबलचक शासन निर्णय आणि घरच्या माणसांचा उजेडात काढलेला एक फोटो ठेवा. दुकानात मशीनवर जो रंगीत व्हिडिओ फिरत असतो, तो बंद करायला सांगा. तो कंपनीने निवडलेला असतो, त्यात प्रत्येक स्क्रीन सुंदर दिसते. दोन्ही मशीनवर तोच सातबारा उघडा. स्केल आणि झूम असे जुळवा की दोन्हीकडे अक्षराची उंची सारखी दिसेल. सोबतचे माणूस पट्टीने मोजून सांगू शकते. दोन्हींचा उजेड पूर्ण वाढवा. मग टेबलासमोर बसतो तसे, साठ सेंटिमीटरवर बसून वाचा. जमले तर सोबतच्या माणसाला मशीनच्या जागा अदलाबदल करायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवा. परत वळून, कोणती महागाची आहे हे तुम्हाला अक्षरावरून सांगता येत नसेल, तर पंधरा हजार द्यायचे कारण नाही. सांगता येत असेल, आणि वाचायला बरे वाटत असेल, तर तो फरक तुमच्या डोळ्यांना खरा आहे. मग खिशाचा विचार करून ठरवा.

यानंतर मशीन दाराशी, उजेडात नेऊन पाहा. दुकानदार ‘नाही’ म्हणणार नाही. म्हटले तर दुसरे दुकान आहे. बाजूने पाहा, वरून पाहा. घरच्यांच्या फोटोतला त्वचेचा रंग ओळखीचा वाटतो का ते पाहा. ज्याला ते मशीन वापरायचे आहे, त्याला सोबत न्या. मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला बाप आणि काका जातात आणि मुलगी घरी असते, असे करू नका.

जिल्ह्यातल्या दुकानदारांनाही माझी कळकळीची विनंती आहे. मांडून ठेवलेल्या प्रत्येक मशीनवर एक मराठी पीडीएफ कायम ठेवा, आणि किमतीच्या चिठ्ठीवर रिझोल्यूशनच्या शेजारी निट्स आणि रंगांचा आकडाही लिहा. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून सांगायचे नाही, असे नको. सहा क्विंटल धान विकून जो माणूस तुमच्याकडे येतो, त्याला ते कळायला हवे. कॉलेजांनीही प्रवेशाच्या वेळी ‘हाय-एंड लॅपटॉप’ असे मोघम सांगू नये. पहिल्या वर्षाला नेमके काय लागते ते आकड्यांत लिहून द्यावे, आणि जिथे संगणक कक्ष आहे तिथे पहिले सत्र त्यावरच काढता येईल असे स्पष्ट सांगावे. तसे झाले तर अनेक घरांना रोवणीच्या दिवसांत हप्ता सुरू करावा लागणार नाही. दिवाळीनंतर चुकारे आल्यावर रोखीने घेता येईल.

ऑनलाइन घेत असाल तर मॉडेलचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट, उतरवून घ्या. एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या स्क्रीन विकल्या जातात आणि फरक फक्त त्या शेवटच्या अक्षरांत असतो. डबा आल्यावर उघडताना व्हिडिओ काढा. लॅपटॉप सुरू झाला की सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडून रिझोल्यूशन सांगितले तेच आहे का ते तपासा. मग पूर्ण पांढरे, पूर्ण काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र स्क्रीनभर लावून एखादा ठिपका मेलेला आहे का, कडेने उजेड फुटतो का ते पाहा. हे सगळे परत करण्याची मुदत संपायच्या आत, आणि शक्यतो त्याच दिवशी करा. पावती, डबा आणि आतला थर्माकोल वर्षभर माळ्यावर राहू द्या.